उन्हाळ्यात फिश टँकचं पाणी तापतंय, हजार रुपयांच्या आत घरीच काय करता येईल?

जळगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी. घरी २ बाय १ बाय १ फुटाचा काचेचा टँक आहे, त्यात ४ गोल्डफिश आणि काही मॉली. थंडीत सगळं मस्त चाललं होतं पण एप्रिल लागला तसं दुपारी २-३ वाजले की सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत बसतात, पाणी हाताला कोमट लागतं, थर्मामीटर ३४ दाखवतो. दुकानवाला म्हणतो चिलर घ्या. किंमत ऐकून पप्पा म्हणे एवढ्यात घरालाच नवा कुलर येईल. वरती प्लास्टिकचं झाकण आहे, लाइट त्यातच, आणि छोटा इंटरनल फिल्टर आहे तो घरघर करतो, लाइट गेली की सगळंच बंद. काही जुगाड सांगा ना. बर्फ टाकला तर चालेल का? आणि आतले निळे खडे आणि प्लास्टिकचा वाडा बघून आता कंटाळा आलाय, ते पण बदलायचंय.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, पहिले ते झाकण काढ. आजच. पाणी झाकून ठेवलंय आणि वरून लाइटची गरमी देतोय, मग अजून काय होईल. आपल्याकडची हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते, आणि तोच आपला फायदा आहे, माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टँक पण गार होतो, फक्त पाण्यावरून हवा फिरली पाहिजे. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा १२ व्होल्टचा फॅन घे, रिपेरिंगवाल्याकडे भंगारात पडलेला असतो, आणि बंद पडलेल्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर जोड. फॅन काचेच्या कडेला तिरपा बसव, वारा पाण्यावर घासून गेला पाहिजे. २ ते ४ डिग्री आरामात उतरतं. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून लाव, नाहीतर मॉली उडी मारून फरशीवर सापडेल.

बर्फ सुट्टा टाकू नको, एकदम थंड एकदम गरम असं झालं की मासे आजारी पडतात. फारच तापलं तर पाण्याची बाटली फ्रिजरमध्ये गोठवून झाकणासकट तरंगत ठेव.

आणि ते वर का येतात तर पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आसपास. फरक थोडाच वाटतो पण गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो जास्त, म्हणजे दोन्हीकडून मार.

नाना_चोपडेकर
फॅनचं मला नाही पटत. पाणी किती उडतं रोज! पाणीटंचाईत लोक हंडे घेऊन फिरू राहिले आणि आपण मासे गार करायला पाणी उडवायचं?

भुसावळ_जंक्शन
नाना, तुमचा कुलर दिवसाला किती पिंप पितो ते पण सांगा मग 😄 हिशोब बघा, या टँकात ५० लिटर पाणी धरा. त्यातलं फक्त १ लिटर उडालं तर ते जी उष्णता घेऊन जातं तेवढ्यात बाकीचं पाणी ११ डिग्री गार व्हावं. तसं होत नाही कारण खोलीतून गरमी परत येतच असते, पण थोड्या पाण्यात मोठं काम होतं हे खरं. खोलीत कुलर चालू असेल तर हवा ओली होते, मग फॅनचा असर कमी, पण तेव्हा खोलीच गार असते म्हणून चालून जातं.

नाना बोलले त्यात एक गोष्ट मात्र आहे. पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, बादलीला पांढरा थर धरतं. रोज उडालेलं पाणी बोअरनेच भरत गेलात तर टँकातलं पाणी दिवसेंदिवस अजून जड होणार. म्हणून वरून भरायला आरओचं चांगलं पाणी, आणि आठवड्याला पाव टँक बदलाल तेव्हा नेहमीचं.

केळीपट्टा_रावेर
फिल्टरवर बोलतो. कोणीतरी नक्की सांगेल कुलरचा पंप टाक म्हणून, तो टाकू नको भो. तो स्वतः तापून पाणी तापवतो, आणि चार सीझन चाललेल्या पंपाच्या वायरचा काय भरवसा, हात घातला आणि करंट बसला तर?

स्पंज फिल्टर घरीच बनव. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, खालच्या अर्ध्या भागाला भोकं, खाली एंड कॅप, भोकांवर जाड छिद्रांचा साधा स्पंज गुंडाळायचा (भांडी घासायचा अँटीबॅक्टेरियल वाला अजिबात नाही) आणि नायलॉनच्या दोऱ्याने बांधायचा, लोखंडी किंवा तांब्याची तार नको. एअर पंपची नळी पाइपात खालपर्यंत सोड. बुडबुडे वर जाताना पाणी ओढतात, ते स्पंजमधून येतं, फिल्टर पण झाला आणि हवा पण. एअर पंप ३-४ वॅटचा, इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो, लाइट जाण्याचं टेन्शन संपलं.

पंप पाण्याच्या लेव्हलच्या वर ठेव किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह टाक (हवा पुढे जाऊ देतो, पाणी मागे येऊ देत नाही). नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

जुना फिल्टर लगेच फेकू नको. घाण खाणारे बॅक्टेरिया त्यातच बसलेत, नवीन स्पंजमध्ये ते वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर दोन्ही चालू दे. आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकचंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा. क्लोरीनने सगळे मरतात.

जळगावचा_पोरगा
झाकण काढलं, मासे संध्याकाळी खाली गेले! फॅन उद्या बघतो. सजावटीचं कोणी सांगा. गिरणेची वाळू चालेल का?

धुळ्याची_माई
गिरणेच्या वाळूचं नाव मोठ्याने घेऊ नकोस बाळा, तलाठी दारात येईल 😂 शेजारी बांधकाम चालू असेल तर एक घमेलं मागून आण. चाळून घे, मग पाणी नितळ येईपर्यंत धू, खूप धुवावी लागते. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघ, फसफसली तर त्यात चुना-शिंपले आहेत, पाणी अजून जड होईल. दगड आपला काळा फत्तर घे, त्याला काही होत नाही. शेतातली काळी माती मात्र टाकू नकोस, फुगते आणि पाणी गढूळच राहतं.

वाड्याच्या जागी जुनं कौल किंवा फुटक्या माठाचा तुकडा आडवा ठेव, धार घासून घे. नारळाची करवंटी चालते, आधी उकळून घे. मागच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर लाव, माशांचे रंग एकदम उठतात. मनी प्लांटची फांदी कडेला अडकव, मुळं पाण्यात, पानं बाहेर. माशांच्या घाणीचं जे नायट्रेट होतं ते ती ओढून घेते.

आता न विचारलेलं सांगते. ४ गोल्डफिश त्या टँकात जास्तच आहेत, आणि ते मुळात थंड पाण्याचे, १८ ते २४ डिग्रीचे. मॉलीला आपलं जड आणि गरम पाणी मानवतं. गोल्डफिश कोणाकडे मोठा सावलीतला हौद असेल त्यांना दे. नदी-नाल्यात सोडू नकोस, कोणतेच. त्यांच्या जागी गप्पी आण, डासांसाठी सरकारी मलेरिया विभागाकडे फुकट मिळतात, विचारून बघ.

जळगावचा_पोरगा
माई, मामांकडे यावलला विहिरीजवळ हौद आहे, आंब्याच्या सावलीत. विचारतो. फॅनची वायर टँकच्या मागून बोर्डाला जाते तशीच चालेल ना?

केळीपट्टा_रावेर
नाही. वायर बोर्डाच्या खाली लोंबती ठेव आणि मग वर प्लगला ने, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, सॉकेटात जाणार नाही. फॅनची, पंपची, सगळ्यांचीच तशी कर. आणि टँकात हात घालायच्या आधी बटण बंद.