आईच्या गुडघ्यांसाठी अ‍ॅक्युपंक्चर: सुया ठीक, पण या गोळ्यांचं काय?

मंडळी, मदत हवी आहे.

आई ६६ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजवा आज ना उद्या बदलावा लागणार. आम्ही गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजी घेऊन आली की दर मजल्यावर पिशवी टेकवते, कठडा धरून उभी राहते आणि खालूनच ओरडते, "चहा टाक गं, आलेच!" चहा दोनदा गरम करावा लागतो.

भजनी मंडळातल्या काकूंना अ‍ॅक्युपंक्चरने उतार पडला, म्हणून हिनेही हट्ट धरला. दादरला एका ठिकाणी जातोय. सुया केसासारख्या बारीक, आठ-दहा टोचतात, वीस मिनिटं ठेवतात. दुखत नाही, जड जड वाटतं म्हणते. चार सिटिंग झाली. गुडघा होता तिथेच आहे, पण रात्रीची झोप लागायला लागली.

आता तिथे पॅकेज गळ्यात मारतायत, रेकी (अंगावर नुसते हात ठेवून करायचा उपचार) जोडून. रेकीचं मला काही नाही, अर्धा तास शांत पडून राहील बिचारी. (पैसे मात्र टोचतात, सुयांपेक्षा जास्त.) धास्ती आहे ती गोळ्यांची. पांढरी डबी, वर चिनी अक्षरं, झाकणावर बॉलपेनने 'सकाळी २, रात्री २'. आत काय आहे विचारलं तर "सगळं नैसर्गिक". आईची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ ठेवायची क्लोपिडोग्रेल चालू आहे, शिवाय साखर. फॉर्मवर सगळं लिहून दिलं होतं, वाचलं कुणी देव जाणे.

आई म्हणते, "आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांनी तिकडे चीनमध्ये जीव दिला, त्यांचं औषध मला बाधेल?" कोटणीस १९३८ मध्ये गेले ते सर्जन म्हणून, हे तिला कोण सांगणार!

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना कुणी सुया घेतल्यात का? आणि अशा डबीचं काय करता?

प्रतिसाद: सुरंगी

गोळ्या आधी बंद. बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकात वजन उतरवायच्या चिनी वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड निघालं, कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या. तुमच्या डबीत तेच असेल असं नाही, पण घटकच माहीत नसलेली गोळी क्लोपिडोग्रेलवरच्या माणसाला द्यायची नाही.

सुयांनी सहसा थोडं काळंनिळं होतं, तेवढंच. तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारा आणि टोचणाऱ्याला तोंडी सांगा, फॉर्मवर विसंबू नका. सुयांचं सीलबंद पाकीट समोर फोडायला लावा. साखर आहे तर पावलं रोज बघा. आपल्या राज्यात अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आहे, कौन्सिल आहे. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

गुडघ्याचं म्हणाल तर तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सशर्त होकार दिला, ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०२२ मध्ये नको म्हटलं. माझ्या सासूबाईंना दोन महिने बरं वाटलं, मग जैसे थे. पॅकेज घेऊ नका, सिटिंगगणिक पैसे द्या.

धागाकर्ती: डबीचा फोटो हार्टच्या डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं, "हे काय आहे?" डबी सध्या वरच्या फळीवर साबुदाण्यामागे आहे, तिथवर आई चढू शकत नाही. गिरगाव ते दादर पट्ट्यात नोंदणी असलेलं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.