घरच्या फुलांचा चहा: ताजी फुलं की वाळवलेली?

पानफूल
कुंड्यांमध्ये गोकर्ण, जास्वंद आणि गुलाब नुसते भरभरून फुलतायत, निम्मी फुलं तशीच गळून जातात, म्हणून म्हटलं संध्याकाळच्या चहाऐवजी यांचाच चहा करून प्यावा. गोकर्णाचा रंग भारी येतो पण चव काहीच लागत नाही, असं का? फुलं ताजी घ्यायची की वाळवून? आणि रोज प्यायला चालतो का, व्हिडिओत तर झोपेपासून वजनापर्यंत सगळंच बरं होतं म्हणतात.

गवतीचहा
गोकर्णाला स्वतःची चव मुळात फारशी नसतेच हो, तो रंगासाठीच. गवती चहाची पात किंवा आलं टाका सोबत. फुलं उकळत बसू नका, पाण्याला उकळी आली की गॅस बंद, मग फुलं टाकून पाच-सात मिनिटं झाकण, कारण गुलाबाचा जो वास असतो ना तो वाफेबरोबर उडून जातो. जास्वंदीचं हिरवं देठ आणि मधला परागांचा दांडा काढून नुसत्या पाकळ्या घ्या. गोकर्णाच्या चहात शेवटी लिंबू पिळा, निळ्याचा जांभळा होतो, त्यातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबटात रंग बदलतं. पोरं खूश होतात.

सावली
दोन्ही चालतात, फक्त वाळवलेली एक चमचा घेणार असाल तर ताजी तीन चमचे. वाळवायची तर सकाळी दव सुकलं की तोडा, उन्हात नको, सावलीत कापडावर एकच थर पसरून. पाकळी बोटांत कुरकुरीत चुरली तरच बरणीत भरा. जरा ओल राहिली की बुरशी धरते आणि मग वरवरची काढून बाकीची वापरू नका, सगळी बरणी टाकून द्या.

माळीबुवा
कसा करायचा ते झालं, पण गुलाब नर्सरीतून आणलाय का हे कुणी विचारलंच नाही. तिथे बऱ्याचदा आंतरप्रवाही कीडनाशक मारतात, ते झाडाच्या आतच असतं, पाकळ्या कितीही धुतल्या तरी जात नाही. आणलेल्या झाडाची फुलं निदान पहिले काही महिने पोटात घालू नका. दुसरं म्हणजे कण्हेर, गुलाबी असो नाहीतर पिवळी, आणि धोतरा यांच्या वाटेलाच जाऊ नका, विषारी आहेत. तुमच्या व्हिडिओतला जो बीपीवाला लाल आंबट चहा आहे ना, तो लाल अंबाडीच्या फुलाखालच्या पाकळ्यांसारख्या मांसल आवरणाचा, कुंडीतली जास्वंद त्याच कुळातली असली तरी झाड वेगळं, तिचे गुण हिला चिकटवू नका. चवीसाठी प्या, औषध म्हणून नको.

पानफूल
अरे बापरे, गुलाब गेल्या महिन्यातच नर्सरीतून आणलाय, म्हणजे तो बाद. गोकर्ण घरच्या बियांचा आहे. आईला बीपीची गोळी चालू आहे, तिला दिला तर चालेल?

माळीबुवा
रोजचं सुरू करायच्या आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, अंबाडीचा तर विचारल्याशिवाय देऊच नका, तो खरंच बीपी थोडं उतरवतो आणि वर गोळी असतेच. गरोदर बाई असेल घरात तरी तेच.

सावली
कॅमोमाइल, म्हणजे चहासाठी वापरतात ते छोटं पांढरं फूल, लावायचा विचार असेल तर शेवंतीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी जपून, एकाच कुळातली आहेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तो टाळलेलाच बरा. आणि पानफूल, गोकर्णाच्या शेंगा तेवढ्या टाकू नका हं चहात, बियांनी जुलाब होतात.