जुन्या गाडीचा फ्युएल पंप आणि फिल्टर: तुम्ही काय बसवलंत?

माझी १९९६ची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग असलेली) मारुती ८००. चवथीनंतर आईला बेळगावला सोडायला निघालो आणि केरी सोडून चोर्ला घाट चढताना गाडी गुदमरून बंद. फिल्टर बदलला, दोन दिवस बरी चालली, पुन्हा तेच. आता पंप घ्यायचा आहे. गाडी बाबांची, विकायची नाही. तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

फोंडा
माझीही हीच गाडी. पंप घेण्याआधी ऑइलची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) काढून पेट्रोलचा वास येतो का बघा. माझ्या मेकॅनिकल (इंजिनावर चालणाऱ्या) पंपातला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत होतं, पातळी चक्क वाढली होती. तसं असेल तर पंपासोबत ऑइलही बदला, पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवू नका. पंपाखालचं जाड पॅकिंग मूळ जाडीचंच घ्या, नाहीतर पंपाच्या दांड्याचा स्ट्रोक (हालचाल) बदलतो.

मडगाव
इलेक्ट्रिक पंप बसवायचा विचार असेल तर दाब विचारूनच घ्या. कार्ब्युरेटरला ३-४ पीएसआय (दाबाचं माप) पुरतो, इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या) गाडीला ४०च्या पुढे लागतो. मला दुकानात इंजेक्शनचाच पंप दिला, मी विश्वासाने बसवला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह उचलला गेला आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं. मुलं मागे बसली होती. आग लागली नाही हे नशीब.

मोरजी
२००४ची वॅगनआर, पंप टाकीतला. घर समुद्राला लागून. गाडी चढावर ओढेना म्हणून नवा पंप टाकला, फरक शून्य. मग एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने पंप चालू ठेवून त्याच्या प्लगवर मीटर लावला: १२च्या जागी जेमतेम ९ व्होल्ट! खारी हवा लागून अर्थचा (वीज बॉडीतून परत नेणाऱ्या तारेचा) बोल्ट हिरवा पडला होता. घासून, ग्रीस लावून आवळला, गाडी पळाली. जुना पंप धडधाकट होता, तो आता डिकीत जपून ठेवलाय. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी आधी मीटर लावावा, ही कळकळीची विनंती. आणि टाकी रिझर्व्हवर आणू नका, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच थंड राहतो.

डिचोली
नळ्या कुणी पाहतच नाही. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, जुनं रबर ते सोसत नाही. माझ्या नळ्या आतून सुटून त्याचे काळे कण फिल्टरमध्ये साचत होते. नळी आणि डायफ्राम दोन्ही इथेनॉलला चालणारे मागा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा शिरून पाणी धरतं.

पेडणे
फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. माझा उलटा बसवला होता.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. डिपस्टिकला वास नाही. मेस्त्रीने टाकीची नळी सोडवून डब्यातल्या पेट्रोलवर पंप जोडला, तर इंजिन अर्धा तास एका लयीत चाललं. टाकी उतरवली तेव्हा तळाला गंजाचा लाल चिखल, आतली जाळी त्यानेच बुजलेली. म्हणून नवा फिल्टर दोनच दिवस पुरत होता. टाकी साफ करायला दिलीय, नळ्या नव्या आणल्यात. पंप तोच ठेवतोय.