बंद पडलेली गाड्यांची कंपनी : पाडायची की वापरायची?

वाळूजची लेक
आमच्या वाळूजला कंपनी बंद पडली की आधी पत्रे जातात, मग अँगल, शेवटी भंगारवाले भिंतीतल्या सळ्याही काढून नेतात. तिथं काय बनायचं, हे सांगायला वीटसुद्धा उरत नाही.

इटलीत तुरीनला फियाट या मोटार कंपनीचा लिंगोत्तो कारखाना आहे. १९२३ साली सुरू झालेली पाच मजली, सुमारे अर्धा किलोमीटर लांब इमारत. माल तळमजल्यावर शिरायचा, गाडी मजला-मजला चढत जुळायची आणि तयार झाली की चाचणीला थेट गच्चीवर! होय, धावपट्टी गच्चीवर होती. १९८२ साली कारखाना बंद झाला, पण पाडला नाही. रेन्झो पियानो या वास्तुरचनाकारानं त्याच सांगाड्यात संगीत सभागृह, हॉटेल, दुकानं बसवली. २००२ मध्ये चित्रसंग्रहालय आलं, २०२१ मध्ये धावपट्टीवर बाग फुलली. माझं ठाम मत आहे, आपणही किमान एक शेड अशी राखली पाहिजे.

प्रेसशॉपवाला
ताई, बाग चांगलीच हाय. पण त्याच फियाटमधी १९८० ला कामगार कपातीवरून ३५ दिवस संप झाला होता, ते बी लिहा की. तुम्ही इमारत वाचवायलात, माणसाचं काय? पत्रा दाबून गाडीचे भाग बनवायची प्रेस बावीस वर्षं चालवली मी. कंपनी बंद झाली, ग्रॅच्युइटीसाठी अजून चकरा मारायलोय. मॉलमधी फिटरला कोण घेतो? कारखान्यात कारखानाच यावा. तळेगावला जनरल मोटर्सनं २०२० च्या डिसेंबरात गाड्या बनवणं थांबवलं, २०२४ ला ती जागा हुंडाईनं घेतली. याला म्हणतात वापर.

जालना रोड
काका, तळेगावच्या जुन्या कामगारांना ‘आम्हाला नव्या कंपनीत घ्या’ म्हणून आंदोलन करावं लागलं. मालक बदलला म्हणजे माणसांचा प्रश्न सुटला, असं होत नाही. आणि ताई, लिंगोत्तो काँक्रीटचा आहे, आपल्याकडं लोखंडी खांबांवर पत्रा. शिवाय पेंटशॉप, प्लेटिंग (धातूवर रसायनांनी मुलामा देणं) चाललेल्या जागेची माती आणि बोअरचं पाणी तपासल्याशिवाय तिथं बाग-शाळा काढणं धोक्याचं. मला तरी बऱ्याच शेड पाडून जागा नव्या उद्योगाला देणंच पटतं.

वाळूजची लेक
माती तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आधी व्हायला हवं, मान्य. पण पाडून तरी उद्योग येतो का? नांदेडची उस्मानशाही कापड मिल बंद पडली, त्याला किती वर्षं झाली! काका, एका शेडमध्ये प्रेस, लेथ तसेच ठेवून आयटीआयच्या पोरांना शिकवायला तुमच्यासारखे पगारावर घेतले तर?

प्रेसशॉपवाला
शिकवीन की. प्रेसमधी डाय, म्हणजे साचा, बसवायला पोरांना कुणी नीट शिकवतच नाही आता. पण शेडची रंगरंगोटी नंतर. लिलावाचा पैसा आला की आधी कामगारांची देणी, ही अट कागदावर पाहिजे. तेवढं होईस्तोवर माझा विरोधच हाय.