नवा बॅटरी पंप: औषध भरण्याआधी काय तपासावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. यवतमाळबाहेर आमच्या घराभोवती ६ गुंठ्यांची परसबाग आहे. त्यात लिंबाची ११ झाडे, कुंपणालगत जास्वंद आणि हंगामाप्रमाणे वांगी-मिरची असते. आजवर मी २ लिटरच्या हातपंपावर भागवत आलो. पण यंदा लिंबाच्या नव्या पालवीवर नागअळी एवढी पसरली की हवा भरता भरता मनगट धरले, तेव्हा अखेर पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप घेतला. दुकानदाराने ‘चार्ज करा आणि मारा’ एवढेच सांगितले. खोक्यातले माहितीपत्रक इंग्रजीत असून त्यातली चित्रे भिंगाखाली धरली तरी उलगडत नाहीत.

बॅटरी १२ व्होल्टची, ८ अँपिअर-तासांची आहे. ती रात्रभर चार्ज करून काल सकाळी टाकीत नुसते पाणी भरले. बटण दाबल्यावर मोटर काही सेकंद चालते आणि आपोआप थांबते. हँडलचा खटका दाबला की पुन्हा चालू होते. खटका सोडून पंप तसाच ठेवला, तरी मिनिटा-दोन मिनिटांनी ती क्षणभर गुरगुरते. नळी जिथे हँडलला जोडली आहे तिथून थेंब थेंब पाणी गळते आणि दहा मिनिटांत माझी उजवी बाही कोपरापर्यंत भिजली. शिवाय नोझलमधून तुषार न उडता पिचकारीसारखी सरळ धार येते.

गळतीवर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून न्यावी असे माझ्या मनात होते, पण सौ. त्याला तयार नाहीत. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दिवस आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. त्यामुळे बाही कोरडी राहीपर्यंत पंपात निंबोळी अर्कसुद्धा भरायचा नाही, असा त्यांचा निर्णय आहे आणि तो मला मान्य आहे.

तरी जाणकारांनी कृपया सांगावे की मोटर अशी थांबणे हा दोष समजावा काय, आणि गळती व धार यांवर उपाय कोणता. कुंपणाकडेच्या गवतासाठी हाच पंप तणनाशकाला वापरला तर चालेल का, हेही विचारायचे आहे. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची कपाशी उभी आहे. अकरा झाडांना किती द्रावण लागेल याचाही अंदाज येत नाही.

प्रतिसाद:

मोटर थांबते हे योग्यच आहे. खटका सोडला की नळीत दाब वाढतो आणि ठरावीक दाबाला आतला स्विच मोटर बंद करतो. मात्र खटका बंद असताना ती मधूनच गुरगुरते, याचा अर्थ दाब कुठून तरी निसटतो आहे. तुमच्या बाबतीत तो त्याच गळक्या जोडातून जात असणार. गळती थांबली की गुरगुरणेही थांबायला हवे आणि तीच दुरुस्तीची खूण समजा.

त्या जोडावर टेप लावू नका. तिथे पाणी अडवते ते नटाच्या आत बसणारे रबरी वायसर, आटे नव्हेत. नट उघडून वायसर आहे का, सरळ बसले आहे का आणि त्याच्या कडेला प्लॅस्टिकचा कचरा अडकला आहे का ते पाहा. साबणाच्या पाण्याचा हात लावून ते बसवा आणि नट हातानेच आवळा. पान्याने आवळल्यास प्लॅस्टिकचे आटे जातात आणि मग गळती कायमची होते.

सरळ धारेसाठी आधी नोझलचे टोक फिरवून पाहा, कारण काही नोझलमध्ये धार आणि तुषार तिथेच बदलतात. फरक न पडल्यास टोपी उघडा. आत तिरप्या खाचांची छोटी फिरकी असते. ती पाण्याला गरगर फिरवते, म्हणून बाहेर शंकूच्या आकाराचा तुषार पडतो. ती नसेल तर पिचकारीच उडणार. छिद्र तुंबल्यास तोंडाने फुंकू नका आणि टाचणीही घालू नका. जुना दात घासायचा ब्रश पुरतो.

तणनाशकाला हा पंप नको. विशेषतः २,४-डी हे तणनाशक कपाशीला फार घातक आहे; धुतलेल्या टाकीत राहिलेल्या अंशानेही पुढच्या फवारणीत पिकाची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात, आणि वाऱ्याने उडालेले थेंब शेजाऱ्यांचे नुकसान करतील ते वेगळेच. एवढ्याशा कुंपणाला विळा पुरे.

द्रावणाचा अंदाज गुंठ्यावर काढू नका, कारण तुम्हाला झाडे भिजवायची आहेत. साधे पाणी बादलीत एक मिनिट सोडून मोजा आणि मग एका लिंबावर, पाने ओली होऊन थेंब ओघळायच्या बेतात येईपर्यंत, घड्याळ लावून पाणी मारा. निंबोळी अर्क दुहेरी फडक्यातून गाळा आणि टाकीच्या तोंडावरची जाळी काढू नका.

प्रतिसाद:

वरील सर्वाशी सहमत आहे. भर एवढीच, की बॅटरी पूर्ण उतरवून ठेवू नका. फवारणी नसली तरी महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर पुढच्या पालवीच्या वेळी ती साथ देणार नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद:

दोघांचेही मनापासून आभार. हँडलच्या नटातले वायसर आडवे होऊन एका कडेला दुमडलेले होते. ते सरळ बसवून हातानेच आवळल्यावर पाव तास पंप चालवला, बाही कोरडी राहिली आणि मोटरही गुरगुरली नाही. फिरकी मात्र नोझलमध्ये नव्हतीच. फेकून द्यायला काढलेल्या पारदर्शक पिशवीत, जादा वायसरांच्या गर्दीत, हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी चकती सापडली आणि ती बसवताच तुषार पडू लागला.

बादलीत मिनिटाला ९०० मिलिलिटर पाणी भरले. मधल्या उंचीच्या झाडाला अडीच मिनिटे लागली, म्हणजे सव्वादोन लिटर. अकरा झाडांचे सुमारे २५ लिटर होतात, म्हणजे एक पूर्ण टाकी आणि दुसरी अर्ध्याहून थोडी अधिक. ५ टक्के अर्कासाठी १०० लिटरला ५ किलो या प्रमाणात सव्वा किलो निंबोळीचा चुरा लागेल. तो आज रात्री फडक्यात बांधून भिजत घालतो. उद्या गाळून, साबणाचे पाणी मिसळून, ऊन उतरल्यावर आणि वारा पडल्यावरच फवारणी करीन. विळ्याला धार लावायला दिली आहे.