पगडीला आतून आधार हवा

जुने शेले आणि पगड्या वर्षातून एकदा उन्हात घालाव्यात, असं या चर्चेत आधी कुणीतरी सुचवलंय. हवा देणं बरोबर, पण ऊन नको. कुसुंबी-लाल रंग उन्हात झपाट्याने विटतो, रेशीम ठिसूळ होतं, आणि उडालेला रंग परत येत नाही. सावलीत, वाऱ्यावर, पांढऱ्या सुती कापडावर पसरून ठेवलं की पुरतं. डांबरगोळ्याही थेट कापडाला लागू देऊ नयेत.

पगडी ठेवायची कशी, याबद्दल मात्र अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आमच्या वाचनालयाच्या संग्रहातली चक्री पगडी कित्येक वर्षं कपाटात नुसती टेकवून ठेवली होती. वरून दिसायला ठीक, पण उलटी केली तर एका बाजूची घडी बसलेली, आतलं अस्तर तिथेच उसवलेलं आणि खळ लावलेल्या भागाला कसर लागलेली. पगडीचं वजन कडेवर पडू नये, म्हणून आता आत धुऊन घेतलेल्या नव्या मलमलीची उशी भरून ठेवतो. उशी सैलच हवी, ठासून भरली तर शिवण ताणते. वर्तमानपत्राचे बोळे मात्र कोंबू नका, त्या कागदातलं आम्ल कापडाला पिवळं करतं. आणि पगडीला जरीचं काम असेल तर रबरबँड जवळपासही नको. खऱ्या जरीत चांदी असते, रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. अस्तरावरचे घामाचे डागही घरी धुवायला जाऊ नका. ती पगडी कुणीतरी रोज वापरली, याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.