रिअ‍ॅक्टची साइट गूगललाही दिसेना, स्क्रीन रीडरलाही वाचवेना

अंकवाला: दिवाळी अंक विकणाऱ्या दुकानाची साइट रिअ‍ॅक्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टने पान रचणाऱ्या लायब्ररीत, केली आहे. ब्राउझरमध्ये झकास चालते, पण गूगलवर मुखपृष्ठ सोडून एकही अंक सापडत नाही. त्यात एका अंध ग्राहकाचा फोन आला, की ‘कार्टमध्ये टाका’ सापडतच नाही. दुखणी दोन की एकच? सगळं नव्याने लिहायला वेळ नाही, दिवाळी तोंडावर आलीय.

कान_टवकारून: एकच, योग्य टॅग वापरलेले नाहीत. मी रोज एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवरच (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काम करतो. तुमच्या पानावर ‘बी’ दाबून बटन शोधलं, तर पुढे बटनच नाही असं उत्तर मिळालं. बाणाने उतरत गेलो तेव्हा ‘कार्टमध्ये टाका’ ऐकू आलं, पण नुसता मजकूर म्हणून. ऑनक्लिक (क्लिकचा कोड) लावलेलं डिव्ह, म्हणजे नुसता डबा, आहे ते. त्याला रोल (घटकाचं काम सांगणारी खूण), टॅबइंडेक्स (टॅबने पोहोचण्याची सोय), एन्टर-स्पेसचे हॅन्डलर (त्या कळांचा कोड) अशी ठिगळं जोडत बसू नका, सरळ बटन टॅग घाला.

अंकाच्या कार्डाचीही तीच गत. गूगलबॉट (गूगलसाठी पानं गोळा करणारा प्रोग्राम) क्लिक करत नाही, तो ए (लिंकच्या) टॅगमधला एचरेफ, म्हणजे पत्ता, पाहून पुढे जातो. शिवाय तुमचे पत्ते #/अंक/12 असे आहेत. हॅशपुढचं गूगल सोडून देतो, म्हणजे त्याच्या लेखी सगळे अंक मिळून एकच पान! जुन्या ब्लॉगांवर हॅशचे पत्ते गूगलला वाचायला लावणारी #! ची युक्ती सापडेल, तिच्या नादी लागू नका, गूगलने ती 2015 मध्येच मोडीत काढली. ब्राउझरच्या हिस्ट्री एपीआयवर चालणारा राउटर (पत्त्यानुसार पान दाखवणारा कोड) वापरा, म्हणजे पत्ते हॅशविना होतील.

पान बदललं की शीर्षक बदला आणि फोकस (कीबोर्डचा रोख) नव्या एच1 वर, म्हणजे मुख्य मथळ्यावर, न्या, नाहीतर आम्हाला काही घडल्याचं कळतच नाही. आणि एचटीएमएल टॅगवरचं लँग (भाषेची खूण) ‘ईएन’ (इंग्रजी) आहे, ते ‘एमआर’ (मराठी) करा हो! इंग्रजी आवाज मराठीचा पार चुराडा करतो.

बिल्डवाली: गूगल जावास्क्रिप्ट चालवतो, 2019 पासून तर अद्ययावत क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरचा गाभा). पण व्हॉट्सअ‍ॅपचा प्रिव्ह्यू चालवत नाही, आणि दिवाळी अंकांच्या लिंका फिरतात तिथेच. अंक काही शेकडाच असतील, तर बिल्ड करतानाच (साइट चढवण्याआधी तयार करताना) प्रत्येकाचं एचटीएमएल पान काढून ठेवा. वेगळा रेंडरिंग सर्व्हर (मागणीनुसार पान रचणारा) लागणार नाही.

अंकवाला: बटन आणि लँग आत्ताच बदलले. राउटर आज रात्री. कार्टमध्ये अंक पडल्यावर कोपऱ्यात हिरवी पट्टी येते, ती ऐकू येते का?

कान_टवकारून: नाही. रोल ‘स्टेटस’ असलेला रिकामा डबा पानावर आधीपासून ठेवा, मजकूर मागाहून त्यात टाका. डबा आणि मजकूर एकदमच आणलात तर बऱ्याचदा ऐकू येत नाही. आणि पट्टीवर फोकस नेऊ नका, मी अजून अंक चाळत असतो.